अर्ध्या इंचाची पट्टी : मिनिअ‍ॅपोलिसच्या आय-३५ डब्ल्यू पुलाचे प्रकरण

बुधवार, १ ऑगस्ट २००७ रोजी संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या मिनिअ‍ॅपोलिस शहरात मिसिसिपी नदीवरचा आय-३५ डब्ल्यू महामार्गाचा पूल कोसळला. कार्यालये सुटण्याची वेळ होती. आठपैकी चार मार्गिका दुरुस्तीसाठी बंद असल्याने उरलेल्या चार मार्गिकांवरून गाड्या खेटून-खेटून, मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. नदीवरचा सुमारे १३९ मीटर लांबीचा मधला गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, ३३ मीटर उंचीवरून खाली पाण्यात गेला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे गाळेही त्याच्यामागोमाग काठांवर आदळले. पडलेल्या भागावर १११ वाहने होती. त्यांपैकी १७ नंतर नदीतून बाहेर काढावी लागली. १३ माणसे मृत्युमुखी पडली, १४५ जखमी झाली. सहलीहून परतणाऱ्या मुलांची एक शाळेची बस खचलेल्या रस्त्याच्या कठड्याला टेकून थांबली आणि तिच्यातील ६३ जण वाचले. पाण्यातून शेवटचा मृतदेह हाती लागायला २० ऑगस्ट उजाडला.

या प्रकरणाचा अभ्यास करण्याचे कारण मृतांच्या आकड्यात नाही. पूल पडला की ‘तपासणीच झाली नव्हती, कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते’ असे आपण सहज गृहीत धरतो. इथे तसे घडलेले नव्हते. या पुलाची दरवर्षी तपासणी होत होती, त्याच्या तड्यांवर विद्यापीठाने संशोधन केले होते, मजबुतीकरणासाठी नामांकित सल्लागार नेमलेले होते आणि पुलाची अवस्था चांगली नाही ही गोष्ट सरकारी नोंदींत सतरा वर्षे लिहिलेली होती. पूल मात्र सांध्यांवरच्या ज्या पोलादी पट्ट्या तुटल्यामुळे पडला त्या पट्ट्या त्याच्या चाळीस वर्षांच्या आयुष्यात कधी हिशेबात धरल्या गेल्या नाहीत. त्या डोळ्यांना दिसल्या होत्या, त्यांची छायाचित्रेही निघाली होती. त्यांचे गणित तेवढे कोणी मांडले नव्हते. पाहणे आणि मोजणे यांमधले हे अंतर सार्वजनिक जबाबदारीच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून पुढची मांडणी त्याच्याभोवती केली आहे.

पुलाचा सांगाडा

हा पूल पोलादी कैचीचा, म्हणजे ट्रसचा होता. रस्ता वर आणि त्याला तोलून धरणाऱ्या दोन समांतर कैच्या खाली, अशी त्याची रचना होती. प्रत्येक कैचीत वरच्या आणि खालच्या आडव्या तुळया, त्यांना जोडणाऱ्या उभ्या तुळया आणि तिरक्या तुळया असतात, आणि या चार-पाच तुळया जिथे एकत्र येतात त्या सांध्यावर दोन्ही बाजूंनी पोलादाचा एकेक जाड पत्रा रिव्हेट ठोकून बसवलेला असतो. या पत्र्याला गसेट प्लेट म्हणतात. आपण त्याला जोडपट्टी म्हणू. एका तुळईतला दाब दुसऱ्या तुळईतल्या ताणाशी जुळवून घेण्याचे काम ही जोडपट्टी करते. तुळया कितीही भक्कम असल्या तरी त्यांच्यातले सगळे बल या पत्र्यातूनच पुढे जायचे असते, त्याला दुसरी वाट नसते.

दोनच कैच्यांवर उभ्या असलेल्या अशा पुलाची आणखी एक मर्यादा असते. त्यातला एखादा मुख्य भाग निकामी झाला तर त्याचे ओझे उचलायला शेजारी दुसरा कोणी नसतो. बहुतुळयांच्या पुलात एक तुळई दगा देऊ लागली तर भार इतरांकडे वळतो आणि पूल वाकून, खचून तरी इशारा देतो. इथे तशी सोय नव्हती. १९६०च्या दशकात पोलादाची बचत करणारी म्हणून ही पद्धत सर्रास वापरली गेली आणि त्या काळाच्या समजुतीनुसार तिच्यात काही वावगे नव्हते.

आराखडा सेंट लुई येथील स्व्हर्ड्रप अँड पार्सल या अभियांत्रिकी संस्थेने केला होता आणि १९६५ साली त्यावर अंतिम स्वाक्षऱ्या झाल्या. सांध्यांना क्रमांक दिलेले होते : वरच्या अंगाच्या सांध्यांना ‘यू’, खालच्या अंगाच्या सांध्यांना ‘एल’. त्यांपैकी यू-४, यू-१० आणि एल-११ या सांध्यांवरच्या जोडपट्ट्या अवघ्या अर्धा इंच जाडीच्या होत्या. तिथे येणारे बल पाहता यू-१० ची पट्टी साधारण एक इंच असायला हवी होती. जिथे मोठी ताकद एकमेकांवर आदळणार होती नेमक्या तिथेच पत्रा निम्म्या जाडीचा पडला. ही चूक कशी झाली याचा शोध घेताना तपासकर्त्यांना मुख्य कैचीच्या जोडपट्ट्यांची आकडेमोड असलेले कागद सापडलेच नाहीत, इतर अनेक भागांची आकडेमोड मात्र दप्तरात जशीच्या तशी होती. आराखडा राज्य शासनाच्या आणि केंद्रीय महामार्ग प्रशासनाच्या टेबलांवरून गेला, पण दोन्हीकडच्या छाननीत जोडपट्टीची जाडी पुन्हा तपासून पाहण्याची रीतच नव्हती. पूल नोव्हेंबर १९६७ मध्ये वाहतुकीला खुला झाला.

इथे एक तारीख मुद्दाम नोंदवावीशी वाटते. हा पूल सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता, तेव्हा १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला आणि ४६ जणांचा बळी गेला. त्या पुलाच्या साखळीतल्या एका पोलादी दांड्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक भेग होती. त्या दुर्घटनेनंतरच अमेरिकेत देशभरासाठी पूल तपासणीचे सक्तीचे मानक आले, ते १९७१ पासून लागू झाले आणि सामान्यतः दर दोन वर्षांनी प्रत्येक सार्वजनिक पुलाची तपासणी बंधनकारक झाली. म्हणजे आय-३५ डब्ल्यू पूल आणि अमेरिकेची पूल-तपासणीची सगळी व्यवस्था जवळजवळ बरोबरीनेच वाढल्या. ही व्यवस्था काय शोधण्यासाठी जन्माला आली होती? भेगा, गंज, झीज. म्हणजे वयाबरोबर येणारी दुखणी. जन्मतःच राहून गेलेला दोष शोधणे हे तिचे काम म्हणून कोणी गृहीत धरलेले नव्हते.

वाढत गेलेले ओझे

निम्म्या जाडीच्या पट्ट्या असूनही पूल चाळीस वर्षे उभा राहिला, कारण आराखड्यात सुरक्षिततेसाठी राखीव ठेवलेली ताकद असते आणि पुलावर एकाच वेळी कमाल भार क्वचितच येतो. ती राखीव ताकद हळूहळू, रीतसर परवानग्या घेऊनच खर्ची पडत गेली.

१९७७ साली रस्त्याच्या स्लॅबवर सुमारे दोन इंच जाडीचा काँक्रीटचा थर देण्यात आला. उद्देश चांगला होता : हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ आत झिरपून सळ्या गंजू नयेत. त्या थराने पुलाच्या स्वतःच्या वजनात सुमारे १३ टक्के भर पडली. पौंडांत सांगायचे तर तीस लाखांहून अधिक. १९९८ साली दुभाजक आणि कडेचे कठडे बदलून अधिक भक्कम करण्यात आले, बर्फ न साचू देणारी फवारणी यंत्रणा बसवण्यात आली आणि वजन आणखी ६ टक्क्यांनी वाढले. दोन्ही कामे प्रवाशांच्या सुरक्षेसाठीच होती. दरम्यान वाहतूकही वाढत वाढत २००४ पर्यंत दिवसाला सुमारे १ लाख ४१ हजार वाहनांवर गेली होती.

वजन वाढवताना पुलाची भारक्षमता पुन्हा काढली जाते आणि इथेही ती काढली गेली होती. पण त्या काळच्या प्रचलित पद्धतीत भारक्षमतेचे गणित तुळयांचे करत. जोडपट्ट्या त्यात धरत नसत. सांधा हा तुळईपेक्षा बळकटच बांधलेला असतो, त्यामुळे तुळई टिकली की सांधा टिकणारच, अशी ती समजूत होती. योग्य आराखडा झालेल्या पुलाबाबत ती खरीही असते. आय-३५ डब्ल्यूच्या यू-१० सांध्यावर मात्र ती चाळीस वर्षे खोटी होती, आणि ती खोटी असल्याचे उघड करू शकणारे एकच साधन, म्हणजे दोन-चार पानांची आकडेमोड, त्याच समजुतीपायी कोणी हाती घेतले नाही.

तपासणी काय सांगत होती

१९९० पासून हा पूल केंद्रीय नोंदींत ‘संरचनात्मकदृष्ट्या सदोष’ या वर्गात होता. मुख्य कारण होते बेअरिंगांना, म्हणजे खांब आणि सांगाडा यांमधल्या टेकूंना, लागलेला गंज. पुलाच्या वरच्या सांगाड्याला ९ पैकी ४ गुण होते, म्हणजे ‘खराब’. २००५ साली एकूण पर्याप्ततेच्या मोजपट्टीवर त्याला १०० पैकी ५० गुण मिळाले होते. दुर्घटनेनंतर हे आकडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर झळकले आणि त्यांच्या आधारे लोकांचा संताप उसळला, ते स्वाभाविकच होते. तरीही हा शिक्का काय सांगतो आणि काय सांगत नाही हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. त्या वेळी अमेरिकेत सत्तर हजारांहून अधिक पूल याच वर्गात मोडत होते. दुरुस्तीच्या निधीसाठी प्राधान्यक्रम लावणे हा त्या वर्गवारीचा हेतू होता. उद्या पूल पडेल की नाही याचे उत्तर तिच्यात नव्हते. एकच शिक्का सत्तर हजार ठिकाणी लागला की त्याची धार जाते, आणि ज्यांनी तो रोज पाहायचा त्यांच्या दृष्टीने तो पार्श्वभूमीचा भाग होऊन बसतो.

१९९३ पासून या पुलाची तपासणी दोन वर्षांऐवजी दरवर्षी होऊ लागली. त्याच वर्षीच्या तपासणीत एल-११ सांध्याच्या एका जोडपट्टीवर गंजामुळे धातू झिजल्याची नोंद आहे. म्हणजे तपासनीस पट्टीपर्यंत पोहोचला होता, त्याने झीज मोजली होती आणि ती लिहूनही ठेवली होती. गंजाने अर्ध्या इंचाचा किती भाग खाल्ला हे कळले. तो अर्धा इंच मुळातच पुरेसा होता का, हा प्रश्न तपासणीच्या अर्जातच नव्हता.

१९९८ मध्ये मुख्य कैचीच्या आधीच्या जोडगाळ्यांतल्या तुळयांत तडे आढळले. तड्यांच्या टोकांना भोके पाडून त्यांची वाढ थांबवण्यात आली, काही ठिकाणी जोड देण्यात आले. मग साहजिकच भीती निर्माण झाली की असाच थकव्याचा, म्हणजे भार वारंवार येऊन-जाऊन पडणारा, तडा मुख्य कैचीत गेला तर काय होईल. मिनेसोटा विद्यापीठाने अभ्यास करून २००१ मध्ये निष्कर्ष दिला की मुख्य कैचीत थकव्याचे तडे जाण्याची शक्यता फारशी नाही. राज्याच्या परिवहन विभागाने तेवढ्यावर समाधान न मानता २००३ पासून यूआरएस या सल्लागार संस्थेकडून पुढचा अभ्यास करून घेतला. त्यातून दोन पर्याय पुढे आले : ५२ तुळयांना बाहेरून पोलादी पट्ट्या लावून बळकटी द्यायची, किंवा सर्व जोडांची बारकाईने तपासणी करून सापडतील ते दोष काढून टाकायचे. बळकटीसाठी हजारो भोके पाडावी लागतील आणि त्यानेच तुळया कमजोर होतील अशी शंका निघाली, तेव्हा २००७ च्या सुरुवातीला विभागाने तपासणीचा पर्याय निवडला. ती तपासणी मे महिन्यात सुरू झाली आणि रस्त्याच्या दुरुस्तीमुळे अर्ध्यावर थांबली. उरलेली शरद ऋतूत करायची ठरली होती.

हा सगळा क्रम वाचताना मन खिन्न होते, कारण यात आळस दिसत नाही. माणसे काम करत होती, चर्चा करत होती, पैसेही खर्च होत होते. सगळ्यांची नजर तड्यावर खिळली होती, कारण तडा हाच शत्रू आहे हे सर्वांना शिकवलेले होते.

आणि तरीही पुलाने इशारा दिला होता. १९९९ साली आणि पुन्हा जून २००३ मध्ये काढलेल्या छायाचित्रांत यू-१० सांध्याच्या जोडपट्ट्यांच्या मोकळ्या कडा वाकलेल्या स्पष्ट दिसतात. दोन तुळयांच्या मधली पट्टीची कड सरळ रेषेत असायला हवी. इथे ती धनुष्यासारखी बाहेर फुगलेली आहे. सुताराने फळीच्या कडेवरून एक डोळा मिटून पाहावे तसे पाहिले तर लक्षात यावे इतका तो बाक ठळक आहे. दाब सहन न होऊन पातळ पत्रा कडेला फुगू लागतो ही पोलादाच्या अभ्यासक्रमातली सुरुवातीची गोष्ट आहे. छायाचित्रे काढणाऱ्यांचे लक्ष दुसरीकडे होते. ज्या तपासनिसाच्या नजरेस तो बाक आला होता, त्यानेही बांधकामाच्या वेळी पट्टी बसवतानाच ती तशी वाकली असावी असे मानले. पुलाच्या जुन्या नोंदींत त्या कडेचे मोजमाप नसल्याने ती समजूत चूक की बरोबर हे ठरवायला त्याच्याकडे काही आधारही नव्हता. चाळीस वर्षांच्या दप्तरात एकदा जरी कोणी त्या कडेला सरळपट्टी लावून ‘इतका बाक’ एवढे लिहून ठेवले असते, तर पुढच्या माणसाला तो वाढतो आहे की नाही ते कळले असते.

देशात अन्यत्र असा इशारा मिळालेला होता. मे १९९६ मध्ये ओहायो राज्यात ग्रँड नदीवरच्या आय-९० महामार्गाच्या पुलावर रंगकामाच्या वेळी जोडपट्ट्या वाकल्या. पूल खचला, पण पडला नाही. पट्ट्या बदलल्या आणि तो पुन्हा वापरात आला. त्या घटनेचा अभ्यास झाला, पण देशभरातल्या पुलांच्या भारक्षमतेच्या गणितात जोडपट्ट्या घ्याव्यात असा नियम त्यातून निघाला नाही. मनुष्यहानी न झालेल्या अपघातातून नियम बदलत नाहीत ही सार्वजनिक व्यवस्थांची सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग पडणारी सवय आहे, आणि या प्रकरणात ती अकरा वर्षांनी अंगाशी आली.

१ ऑगस्टचा दिवस

२००७ च्या उन्हाळ्यात पुलाच्या रस्त्याचा वरचा थर काढून नवा थर देण्याचे काम चालू होते. हे काँक्रीट लवकर घट्ट होते आणि कालवल्यापासून साधारण तासाभरात ते पसरावे लागते. म्हणून खडी, वाळू आणि कालवण्याची यंत्रे कामाच्या जागेजवळ, पुलावरच आणून ठेवायची असे ठेकेदाराने ठरवले. जुलैमध्येही त्याने पुलावर असे साहित्य ठेवले होते आणि काही बिघडले नव्हते. पुलावर किती साहित्य, कोणत्या जागी साठवता येईल हे ठरवून देणारी स्पष्ट अट करारात नव्हती.

१ ऑगस्टला दुपारी अडीचच्या सुमारास सगळे साहित्य पोहोचले. दक्षिणेकडे जाणाऱ्या बंद मार्गिकांवर सुमारे ३५ मीटर लांबीच्या पट्ट्यात खडीचे आणि वाळूचे ढीग ओळीने रचले गेले. तपासात नंतर एकेका गोष्टीचे वजन काढले गेले : खडी १,८४,३८० पौंड, वाळू १,९८,८२० पौंड, यंत्रे, पाणी, सिमेंट आणि माणसे मिळून १,९५,५३५ पौंड. एकूण ५,७८,७३५ पौंड, म्हणजे सुमारे २६२ टन. हे ढीग यू-१० सांध्याच्या जवळपास थेट डोक्यावर होते. काँक्रीट ओतायला संध्याकाळी सातला सुरुवात होणार होती. कामगार तयारीत होते. सहा वाजून पाच मिनिटांनी पश्चिमेकडच्या कैचीतल्या एका तिरक्या तुळईचे वरचे टोक यू-१० मध्ये बाजूला सरकले, तिथल्या जोडपट्ट्या फाटल्या आणि पूल गेला. जवळच्या बंधाऱ्याच्या आवारातल्या सुरक्षा कॅमेऱ्यात कोसळण्याचे दृश्य टिपले गेले आणि त्यावरूनच तपासकर्त्यांना दक्षिण टोकाकडून सुरुवात झाल्याचे लवकर उमगले.

निष्कर्ष आणि त्यावरचा वाद

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १४ नोव्हेंबर २००८ रोजी अहवाल स्वीकारला. यू-१० सांध्यांवरच्या जोडपट्ट्यांची आराखड्यातल्या चुकीमुळे अपुरी राहिलेली भारक्षमता हे मूळ कारण ठरले. पूर्वीच्या कामांनी वाढलेले पुलाचे वजन आणि त्या दिवशीची वाहतूक व साहित्याचा एकवटलेला भार यांखाली त्या पट्ट्या तुटल्या. आराखडाकारांच्या अंतर्गत तपासणीतली त्रुटी आणि शासकीय छाननीतला अपुरेपणा ही साहाय्यक कारणे म्हणून नोंदली गेली. जोडपट्ट्यांच्या वाकण्याकडे तपासणीत पुरेसे लक्ष न देणे आणि भारक्षमतेच्या गणितातून त्यांना वगळणे ही देशभर मान्य असलेली पद्धतही मंडळाने दोषी धरली. एल-११ वरचा गंज, बेअरिंगांची अवस्था, जोडगाळ्यांतले जुने तडे यांचा कोसळण्याशी संबंध नव्हता, हेही त्यात स्पष्ट लिहिले.

अनेकांना हा निष्कर्ष पटला नाही. ज्या पुलावर सतरा वर्षे ‘सदोष’ असा शिक्का होता तो पडला आणि कारण मात्र १९६५ च्या कागदातले निघाले; याने विद्यमान सत्ताधाऱ्यांची सुटका झाली अशी भावना होती. आराखडा करणारी संस्था १९९९ मध्ये जेकब्स या मोठ्या कंपनीत विलीन झालेली, आराखड्यावर सही करणारी पिढी निघून गेलेली. चूक अशा माणसांच्या खात्यावर पडली की ज्यांना जाब विचारणे शक्य नव्हते.

माझ्या मते अहवालातले तांत्रिक कारण बरोबर आहे, पण त्यावरून जबाबदारीचा प्रश्न मिटत नाही. आराखडाकाराने चूक एकदाच केली. पुलाचा मालक असलेल्या शासनाला ती चूक पकडण्याची संधी त्यानंतर किमान तीनदा मिळाली : १९७७ मध्ये वजन वाढवताना, १९९८ मध्ये ते पुन्हा वाढवताना आणि २००७ मध्ये त्यावर खडीचे ढीग ठेवू देताना. ‘प्रचलित पद्धतीत तसे करत नाहीत’ हे उत्तर एका अभियंत्याचा बचाव करू शकते. संस्थेचा करू शकत नाही, कारण प्रचलित पद्धत ठरवणारे लोक याच संस्थांचे प्रतिनिधी असतात. ज्या वास्तूच्या मूळ हिशेबाचे कागद दप्तरात नाहीत तिच्यावर नवे वजन टाकण्याआधी तो हिशेब नव्याने मांडणे ही मालकाची जबाबदारी आहे, मग ती कोणत्या नियमात लिहिलेली असो वा नसो.

विधिमंडळाने एका विधिज्ञ संस्थेकडून स्वतंत्र चौकशी करून घेतली. मे २००८ मधल्या तिच्या अहवालात परिवहन विभागाच्या निर्णयप्रक्रियेवर ताशेरे आहेत : तपासणीतल्या नोंदींवर पाठपुरावा झाला नाही, पुलाच्या स्थितीविषयीची माहिती वरपर्यंत नीट पोहोचत नव्हती आणि पैशाच्या विचाराचा मजबुतीकरणाच्या निर्णयांवर परिणाम झालेला असू शकतो. मजबुतीकरण झाले असते तरी ते तुळयांचे झाले असते, जोडपट्ट्यांचे नव्हे, हे खरे. पण त्या निमित्ताने सांध्यांचे गणित कोणी तरी उघडले असते, ही शक्यता मला दुर्लक्षिण्यासारखी वाटत नाही.

पैसा, राजकारण, भरपाई

गव्हर्नर टिम पॉलेंटी यांनी इंधनकर वाढवून रस्ते-पुलांसाठी पैसा उभारणारे विधेयक २००५ मध्ये आणि पुन्हा मे २००७ मध्ये नाकारले होते. उपगव्हर्नर कॅरल मोल्नाव याच परिवहन आयुक्तही होत्या. दुर्घटनेनंतर २५ फेब्रुवारी २००८ रोजी विधिमंडळाने गव्हर्नरांचा नकाराधिकार मोडून काढत दहा वर्षांत ६६० कोटी डॉलर उभे करणारा परिवहन कायदा मंजूर केला आणि तीन दिवसांनी सिनेटने मोल्नाव यांना आयुक्तपदावरून दूर केले. पीडितांसाठी राज्याने शासकीय दायित्वाची कायदेशीर मर्यादा ओलांडून सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलर दिले. यूआरएसने २०१० मध्ये चूक कबूल न करता ५ कोटी २४ लाख डॉलरवर तडजोड केली.

नवा पूल विलक्षण वेगाने उभा राहिला. २३ कोटी ४० लाख डॉलरचा करार झाला आणि १८ सप्टेंबर २००८ रोजी, म्हणजे दुर्घटनेनंतर चौदा महिन्यांच्या आत, दहा मार्गिकांचा काँक्रीटचा पूल खुला झाला. त्यात ३२३ संवेदक बसवलेले आहेत. हे कौतुकास्पद आहेच. तरी पडलेल्या पुलाच्या जागी नव्यासाठी वर्षभरात एवढा पैसा उभा राहतो आणि उभ्या असलेल्या पुलाच्या सांध्यांचे गणित करायला लागणारे काही आठवडे चाळीस वर्षांत मिळत नाहीत, ही विसंगती डाचत राहते. पुलाचे उद्घाटन होते, फीत कापली जाते. जोडपट्टीच्या फेरतपासणीचे उद्घाटन होत नाही.

त्यानंतर

जानेवारी २००८ मध्ये, अंतिम अहवाल येण्याआधीच, सुरक्षा मंडळाने जोडपट्ट्यांविषयी तातडीची शिफारस केली. त्यानंतर केंद्रीय महामार्ग प्रशासनाने सर्व राज्यांना कळवले की अशा पुलांवर वजन वाढवायचे असेल किंवा त्यांची अवस्था बदललेली असेल तर भारक्षमतेच्या गणितात जोडपट्ट्या धराव्यात. पुलावर बांधकामाचे साहित्य रचण्याबाबतही सूचना निघाल्या. अशा प्रकारचे साडेचारशेहून अधिक पोलादी पूल देशात होते.

त्यांची कागदपत्रे काढली जात असतानाच मिनेसोटात सेंट क्लाउड या गावी, त्याच मिसिसिपी नदीवरच्या डिसोटो पुलाच्या तपासणीत काही जोडपट्ट्या वाकलेल्या आढळल्या. तो पूल १९५० च्या दशकातला, तोही कैचीचाच होता. या वेळी बांधतानाच पट्टी वाकली असेल असे म्हणून कोणी पुढे गेले नाही. २० मार्च २००८ रोजी पुलाच्या दोन्ही टोकांना अडथळे लावून वाहतूक बंद करण्यात आली. दुरुस्तीपेक्षा नवा बांधणे बरे असे ठरून जुना पूल पाडला गेला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये नवा खुला झाला. मधले दीड वर्ष सेंट क्लाउडच्या रहिवाशांनी नदी ओलांडण्यासाठी वळसा घातला.